आत्याबाईची सावली

आत्यानं आयुष्यभर माणसांचे फोटो काढले. नोकरीच्या दिवशी आतून, सुट्टीच्या दिवशी बाहेरून. ती एका मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायची आणि घरातला एकुलता एक कॅमेराही तिच्याच गळ्यात असायचा. दोन्हीकडे वाक्य मात्र तेच. "श्वास रोखा," ती म्हणायची, खटका दाबायची, आणि मग म्हणायची, "सोडा." बाकीचं जग फोटो काढताना हसायला सांगतं. हिनं घरच्यांना ती संधीच दिली नाही. त्यामुळे त्या घराच्या अल्बमांत लहानथोर सगळे छाती फुगवून, गाल आवळून उभे आहेत. तिचा मोठा भाऊ, दादा, म्हणायचाच, "आमच्याकडे फोटो काढत नाहीत, तपासणी करतात."

तिचा दुसरा नियम उन्हाचा. ऊन नेहमी आपल्या पाठीशी ठेवायचं, म्हणजे समोरच्यांचे चेहरे उजळतात, असं कॅमेरा विकणाऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आत्यानं ते गाठीला बांधलं. ऊन पाठीशी असलं की आपली सावली पुढ्यात पडते, हे त्या गृहस्थानं सांगितलं नाही, आणि हिच्या ध्यानात यायला कितीतरी रोल खर्ची पडले. ध्यानात आलं तेव्हाही तिनं मनावर घेतलं नाही. चेहरे नीट येतायत ना, मग पायाशी काय पडलंय ते कोण बघतंय?

आता ती निवृत्त झाली होती. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे आई-वडील गेल्यावर तिच्या दोन खोल्यांत तिच्याशिवाय फक्त फ्रीजचा आवाज होता. दादाला मुलं झाली तशी ती त्यांची आत्या झाली, मग वहिनीही तिला आत्या म्हणू लागली आणि शेवटी सख्खा भाऊसुद्धा. दादा-वहिनी आणि भाचा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचे, भाची दुसऱ्या शहरात. रविवारी कुणाचा तरी फोन यायचा, आला तर.

त्या रविवारी भाचीचा आला. "आत्या, एक काम आहे, आणि ते तूच करू शकतेस."

भाचीला सगळी कामं येत, आणि त्यातलं कुठलं कुणाच्या गळ्यात मारायचं हेही नेमकं येई. दादा-वहिनीच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. महिन्याभरानं एका हॉलमागच्या हिरवळीवर जवळच्या माणसांना बोलवायचं होतं, आणि शिरल्या शिरल्या समोर एक भलामोठा फोटो लावायचा होता.

"तो धरणाच्या बागेतला आहे ना, आजी-आजोबा, आई-बाबा, आणि मी टोपी घालून आईच्या मांडीवर? तोच घेऊ. त्यात सगळे आहेत."

"सगळे?"

"म्हणजे आपला शहाणा नाहीये, पण तो झालाच नव्हता तेव्हा. कुरकुरतोय, की मी नसलेला फोटो कशाला. म्हटलं, बाबा रे, तू उशिरा आलास त्याला आम्ही काय करणार?" भाची हसली. "तू फक्त साफ कर. डाग पडलेत बघ. आणि खाली ती काळी सावली आहे ना, ती काढून टाक. तुझ्या प्रत्येक फोटोत ती भुतासारखी येऊन बसते. लॅपटॉपमध्ये ते फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलंय ना तुला त्यानं? त्यात सगळं होतं म्हणे."

"होतं का? बघते."

फोन ठेवून आत्या बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. खालून बस गेली, तिच्यामागून दुसरी गेली. जो जन्मालाच आला नव्हता, तो नाही म्हणून मोजला गेला होता. जी पाच-सात पावलांवर समोर उभी होती, तिची आठवण कुणाला झाली नव्हती. तिला वाईट वाटलं. उगाच आडवळणानं कशाला सांगायचं, फार वाईट वाटलं. आणि त्या वाईट वाटण्यातूनच तिनं ठरवलं, की फोटो तर साफ करायचाच, पण त्या फोटोत आपणही उभं राहायचं. कुणाला न विचारता, कुणाला न सांगता.

लॅपटॉप भाच्याचा जुना होता, दोन अक्षरं दाबल्यावर उमटत नव्हती. सॉफ्टवेअर फुकटचं म्हणजे त्यात काहीतरी उणं असणार असं तिला वाटलं होतं. उघडून बघते तर पडद्याच्या कडेला इतकी हत्यारं टांगलेली, की त्यापुढे ऑपरेशन थिएटर परवडलं. मग तिला इंटरनेटवर एक शिकवणारा सापडला. त्याचा चेहरा कधी दिसायचा नाही, नुसता आवाज आणि पडद्यावर फिरणारा बाण. ती त्याला मास्तर म्हणू लागली. "नमस्कार मित्रांनो," मास्तर दर वेळी म्हणायचा. "नमस्कार," आत्या म्हणायची. कित्येक दिवशी तिच्या वाट्याला आलेला तेवढा एकच नमस्कार असायचा.

तिनं गल्लीच्या तोंडाशी असलेल्या झेरॉक्सच्या दुकानात फोटो स्कॅन करून आणला आणि कामाला बसली. हत्यारांची इंग्रजी नावं तिच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिनं चित्रं बघून आपली नावं ठेवली. एक होता शिक्का: एका जागेचं गवत उचलायचं आणि दुसऱ्या जागी उमटवायचं. एक होती पट्टी, जखमेवर लावतात तशा दोन पट्ट्यांची फुली. डागावर ती फिरवली की आजूबाजूचा रंग घेऊन डाग भरून यायचा. ती मात्र तिला पहिल्याच दिवशी आवडली. दवाखान्यात आयुष्य काढलेल्या बाईला पट्टीचं काय अप्रूप, पण ही पट्टी काढावी लागत नव्हती.

आणि सगळ्यांत मोठी गंमत म्हणजे थर. मास्तर सांगायचा, की मूळ फोटोला हात लावू नका, त्याच्यावर पारदर्शक थर घ्या आणि जे करायचं ते त्या थरावर करा. प्रत्येक थराशेजारी एक छोटा डोळा होता. डोळा उघडा असला की थर दिसायचा, मिटला की नाहीसा. खालचं सगळं तसंच शाबूत. आत्याला हे चटकन समजलं. कातडी, मांस, हाड, सगळं एकावर एक असतं आणि आपण कुठला डोळा उघडा ठेवतो त्यावर काय दिसायचं ते ठरतं, हे तर ती पस्तीस वर्षं बघत आली होती.

पहिल्या आठवड्यात डाग गेले, चिरा गेल्या, आजोबांच्या कोटावरची बुरशी गेली. मग तिनं स्वतःचा फोटो शोधायला घेतला. कपाट झालं, ट्रंक झाली, पलंगाखालची पेटी झाली. अल्बमच्या अल्बम तिनं काढलेल्या फोटोंचे, आणि तिचा फोटो म्हणाल तर एक. नोकरीला लागली तेव्हाच्या ओळखपत्रावरचा, काळापांढरा. सव्विशीतला चेहरा, करकचून बांधलेले केस आणि समोर रोखलेली नजर. चेहरा मिळाला, पण मानेखाली काही नाही.

मग शरीर आणायचं कुठून? आत्या मोबाईल घेऊन गच्चीवर गेली. धरणाच्या बागेत ऊन कलतं होतं, म्हणून तिनंही कलत्या उन्हाची वेळ धरली. त्या काळच्या रंगाशी मिळताजुळता स्वेटर घातला, मानेचा सांधा झाकायला मफलर गुंडाळला, मोबाईल पाण्याच्या टाकीवर टेकवून टायमर लावला आणि धावत जाऊन समोर उभी राहिली. पहिल्या फोटोत ती धावतच होती. दुसऱ्यात पाठमोरी आली. तिसऱ्या वेळी ती रिकाम्या गच्चीवर स्वतःलाच मोठ्यानं म्हणाली, "श्वास रोखा." खटका वाजला. मग बराच वेळ ती तशीच उभी राहिली, आणि शेवटी तिच्या ध्यानात आलं, की 'सोडा' म्हणायचंही आपल्यालाच आहे.

पुढचं काम नाकी नऊ आणणारं होतं. सहासष्टीच्या धडावर सव्विशीचं डोकं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी दोन दिवस गत झाली. कधी मान बगळ्याची व्हायची, कधी डोकं खांद्यात रुतायचं. चेहऱ्याला रंग नव्हता तो तिनं वहिनीच्या गालावरून उचलला. आपला नवेपणा उठून दिसतो म्हणून मास्तराच्या सांगण्यावरून जरा पिवळी छटा दिली, कडा धूसर केल्या, जुन्या फोटोला असते तशी बारीक रवाळ भुकटी पसरली. हळूहळू वहिनीच्या डाव्या हाताला एक बाई उभी राहू लागली.

त्यातच एक गंमत झाली. दादाच्या मिशीवरून एक पांढरी चीर गेली होती, ती भरायला तिनं शिक्का मिशीवर टेकवून काळेपणा उचलला. चीर भरली. मग आपल्या हनुवटीखालचा सांधा जरा उघडा दिसतोय म्हणून तिकडे वळली आणि शिक्क्याला नवी जागा दाखवायची विसरली. एक फटकारा मारला आणि तिच्या ओठांवर दादाची मिशी उगवली. झुपकेदार, टोकांना वळलेली.

आत्या आधी दचकली आणि मग हसत सुटली. लहानपणापासून ती 'असं झालं असतं तर' म्हणून काही बोलायला लागली, की दादा मध्येच तोडायचा, "आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं!" खरी आत्या झाल्यावर तर त्याला आणखीच चेव आला. शिकायला बाहेर गेले असते तर, आत्याबाईला मिशा! तो मुलगा थांबला असता तर, आत्याबाईला मिशा! घ्या आता. आल्या मिशा.

हसून डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिनं मान वळवून मागे बघितलं. मागे खुर्ची होती, खुर्चीवर वाळलेले कपडे होते. तिनं दादाला फोन लावला. वहिनीनं उचलला.

"झोपलेत गं ते. काही काम होतं का?"

"काम नाही. सहज."

"बरी आहेस ना? मग रविवारी बोलू. माझं गॅसवर आहे काहीतरी."

"हो हो, ठेव."

मिशा आल्या, पण काका म्हणायला माणूस तर हवा. आत्यानं दोन बटणं दाबून मिशी मागे घेतली. सॉफ्टवेअरमध्ये केलेलं सगळं एकेक पाऊल मागे घेता येतं, हेही मास्तरानं पहिल्याच धड्यात शिकवलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात ती बाई पुरी झाली. खरंच पुरी झाली. आजी, आजोबा, दादा, मांडीवर टोपीवालं बाळ घेतलेली वहिनी, आणि शेजारी आत्या. आत्या खुर्ची मागे सरकवून बघायची, पाणी पिऊन येऊन बघायची, दारातून आत येताना सहज नजर टाकल्यासारखं बघायची. कुठूनही बघा, ती त्यांच्यात होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तिला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी तिनं स्वतःसाठी नीट स्वयंपाक केला.

राहिल्या होत्या दोन सावल्या. एक घालायची, एक काढायची. बाकी सगळ्यांच्या सावल्या त्यांच्या मागे गवतावर पडल्या होत्या आणि ती एकटीच बिनसावलीची उभी होती. मास्तराचा त्यावरही धडा होता. आकृतीची एक प्रत घ्यायची, काळी करायची, आडवी पाडायची, धूसर करायची. तीही जमली. आता खोटी सावली घालून झाली म्हटल्यावर खरी पुसायची. नाहीतर प्रश्न आलाच असता, की बाई, तुम्ही इथे उभ्या आहात तर मग हा फोटो काढला कुणी?

तिनं नवा थर घेतला, पट्टी हातात धरली आणि फोटोच्या तळाशी गेली. सावली लांबलचक होती. सगळ्यांत वर डोकं, अगदी आजोबांच्या बुटांपाशी पोचलेलं. त्यावर तिनं गवत पसरलं. डोकं गेलं. खांदे गेले. मग आली कोपरं. कॅमेरा डोळ्याला लावल्यावर दोन्ही कोपरं बाहेर येतात आणि कोपर आणि कंबर यांच्यामध्ये उजेडाची एक त्रिकोणी फट राहते. उजवीकडे ती फट स्वच्छ होती. डावीकडे कोपराच्या खाली काहीतरी काळं भरलेलं होतं.

डाग असेल म्हणून तिनं ती जागा मोठी केली. आणखी मोठी केली. डाग नव्हता. कमरेच्या उंचीवर एक लहान गोल डोकं होतं, आणि त्या डोक्याला दोन बाजूंना दोन आखूड शेंड्या.

आत्याचा हात थांबला. पडद्यावर सरकत ती वर वहिनीच्या मांडीकडे गेली. टोपी भाचीचीच, आजीनं विणलेली. त्यात काही संशय नव्हता. पण दुपट्यातून बाळाचा एक पाय बाहेर आला होता. सगळ्यांना तो पांढऱ्या मोज्यातला वाटायचा, तिलाही इतकी वर्षं वाटत होता. मोठा करून पाहिल्यावर तिनं ओळखलं. तो मोजा नव्हता, प्लॅस्टर होतं. भाच्याचा एक पाय जन्मतः आत वळलेला होता आणि प्लॅस्टर घालायच्या आधी त्या इवल्या पायाचा एक्स-रे तिनंच काढला होता. पुढे पाय सुधारला, धावू लागला आणि सगळे ते विसरून गेले.

म्हणजे टोपी ताईची, डोकं भावाचं. उशिरा आलेला शहाणा वेळेवर हजर होता आणि भाची फोटोत नव्हतीच.

आणि मग तो दिवस तिला आठवला. चारेक वर्षांची भाची समोर बसायलाच तयार नव्हती. आजीनं ओढलं, वहिनीनं डोळे वटारले, उपयोग शून्य. "मला बसायचं नाही, मला काढायचाय! आत्यासारखा!" असा एकच धोशा. शेवटी दादा म्हणाला, "राहू दे तिला तुझ्याजवळ, नाहीतर रडका फोटो येईल." ती येऊन आत्याला बिलगली होती, कोटाचं टोक मुठीत धरून. आत्या म्हणाली, "श्वास रोखा." आणि खटका वाजल्याबरोबर तिच्या कोपराखालून, तिच्याआधी, कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं होतं, "सोडा!"

आत्या खुर्चीत मागे टेकली. त्या दिवशी ती एकटी नव्हती. इतक्या वर्षांत तिनं स्वतःला कायम एकटीच उभी धरली होती, समोर सगळे आणि इकडे आपण एकट्या. आणि इथं तर कोट धरून कुणीतरी होतं.

पण आता पंचाईत झाली. पट्टीच्या थराचा डोळा मिटला की ती लांब सावली परत यायची, शेंड्यांसकट. उघडला की दोघी जायच्या. सावली ठेवायची आणि आपली आकृतीही ठेवायची, तर मग त्या पोरीनं धरलाय तो कोट कुणाचा? आपण वहिनीशेजारी सजून उभ्या, आणि इकडे पोर कुणा परक्या बाईला बिलगलेली. तसं चालणारच नव्हतं. एकच ठेवता येणार होतं.

सबंध दुपार ती डोळे उघडत आणि मिटत बसली. कुणी म्हणेल, यात एवढं काय? पण तिला त्या फोटोत दिसायचं होतं हो. चेहऱ्यानिशी दिसायचं होतं. लोकांनी दारातून आत यावं, बोट दाखवावं आणि म्हणावं, ही कोण, ही आत्या. महिनाभर तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं. सावलीकडे बोट दाखवून कुणी काही म्हणत नाही, काढून टाक म्हणतात.

दिवेलागणीला तिनं आपल्या थराचा डोळा मिटला. मग खोट्या सावलीचा. मग पट्टीचा. डागांवरचा थर तेवढा राहू दिला. फोटो बाहेर काढताना हे सॉफ्टवेअर जेवढं डोळ्याला दिसतं तेवढंच घेतं, मिटलेलं मिटलेलंच राहतं. तिनं तो तसा छपाईवाल्याला पाठवला आणि पाठवल्यावर रडली.

समारंभाच्या दिवशी फोटो हिरवळीच्या तोंडाशी लाकडी घोडीवर उभा होता, दरवाजाएवढा. आत्या पोचली तेव्हा भाची त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आत्या! अगं, सावली काढायची राहिली की!"

"राहिली नाही. ठेवली."

"ठेवली? एवढ्या मोठ्या फोटोत? लोक काय म्हणतील, फोटो काढणाऱ्याला अक्कल नाही?"

"म्हणू देत. फोटो काढणारी मी आहे, माझी अक्कल मी बघेन." आत्याचा आवाज जरा चढलाच. भाचा वळून बघू लागला. "तू आधी या बाळाचा पाय बघ."

तिनं प्लॅस्टर दाखवलं. एक्स-रे सांगितला. भाचा आधी ऐकत राहिला, मग खाली वाकून त्यानं स्वतःच्या पायाकडे बघितलं, मग फोटोकडे, आणि मग त्यानं जी आरोळी ठोकली ती हॉलच्या पलीकडे गेली असेल. "म्हणजे हा मी! बाबा, ऐकलंत का? मी आहे आणि ताई नाही! चाळीस वर्षं माझ्या फोटोवर हिनं हक्क सांगितला!"

वहिनी चष्मा लावून पुढे आली. "अगं बाई, खरंच की. माझ्या पोटच्या पोराला मीच ओळखलं नाही." दादा म्हणाला, "टोपीनं घात केला."

भाची हसली नाही. एरवी सगळ्यांना कामाला लावणारी ती एकदम लहान तोंड करून म्हणाली, "मग मी कुठे होते?"

आत्यानं तिचं बोट धरून फोटोच्या तळाशी नेलं. डोकं, खांदा, कोपर. "ही मी." मग कोपराच्या खाली. "आणि ह्या कुणाच्या शेंड्या?"

बोट तिथंच ठेवून भाचीनं विचारलं, "तू धरलं होतंस मला?"

"मी कशी धरणार? माझे दोन्ही हात कॅमेऱ्याला. तूच धरलं होतंस."

तेवढ्यात कुणीतरी सगळ्यांना फोटोसाठी हाका मारायला लागलं. खुर्च्या मांडल्या गेल्या, दादा-वहिनी मध्ये, भाचा मागे, त्याची बायको, मुलं. आणि नेहमीप्रमाणे कुणीतरी आत्याच्या हातात कॅमेरा दिला. "आत्या, तूच काढ गं, तुझ्यासारखा कुणाला जमत नाही." आत्यानं तो मुकाट्यानं घेतला. सवयीनं ऊन पाठीशी घेतलं आणि पाच-सात पावलं मागे गेली.

डोळ्याला लावल्यावर तिला खुर्च्या दिसल्या, चेहरे दिसले, आणि तळाशी आपली लांब सावली. मग त्या सावलीला डावीकडे काहीतरी चिकटलं. तिच्या बाहीचं टोक कुणीतरी मुठीत धरलं होतं.

"अगं, तू इकडे काय करतेस? तिकडे जा. तू नको का फोटोत?"

"आहे की मी," भाची म्हणाली. "काढ तू."

"श्वास रोखा," आत्या म्हणाली. समोरच्या साऱ्यांनी छात्या फुगवल्या. तिनं खटका दाबला. पुढचा शब्द मात्र काही केल्या बाहेर येईना. समोर पंचाहत्तरीचा दादा गाल फुगवून लाल होत चालला होता, नातवंडांचे डोळे बाहेर यायला लागले होते, आणि शिस्त अशी, की सांगितल्याशिवाय कुणी सोडत नव्हतं.

मग तिच्या कोपराजवळून, जिवाच्या आकांतानं, भाची ओरडली, "सोडा!"